धर्ममाता-धर्मपिता: होकार देण्याआधी आणि दिल्यानंतर

कुणी आपल्या बाळाचे धर्मपिता किंवा धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्यात आईवडिलांसोबत बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारी व्यक्ती, व्हायला विचारलं की नकार देणं अवघड वाटतं. तरीही लगेच होकार देऊ नका. बाप्तिस्म्याचा, म्हणजे बाळाला पाण्याने ख्रिस्ती श्रद्धेत घेण्याचा विधी तासाभरात आटोपतो, पण त्या तासात तुम्ही जे कबूल करता ते निभावायला पुढची अनेक वर्षं लागतात.

आधी पात्रता पाहू. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेप्रमाणे धर्मपालकाची (धर्मपिता किंवा धर्ममाता) 16 वर्षं पूर्ण झालेली हवीत. बिशपनी वेगळी वयोमर्यादा ठरवली असेल किंवा धर्मगुरूंनी योग्य कारणासाठी सूट दिली असेल, तर गोष्ट वेगळी. व्यक्ती कॅथलिक असावी, तिने ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार, कन्फर्मेशन) हे संस्कार घेतलेले असावेत आणि तिचं जगणं श्रद्धेला धरून असावं. बाळाचे आईवडील स्वतः ही भूमिका घेऊ शकत नाहीत. एकच धर्मपालक असला तरी चालतो. दोघे असतील तर एक पुरुष आणि एक स्त्री. ते पती-पत्नी असायला हवेत असं मात्र नाही.

घोटाळा बहुतेकदा दृढीकरणापाशी होतो. लहानपणी हा संस्कार राहून गेलेला असतो आणि ते कळतं कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी, पाहुण्यांना आमंत्रणं गेल्यावर. म्हणून विचारणा झाली की लगेच आपल्या चर्चच्या कार्यालयातून दृढीकरणाचा दाखला मागवा. किमान महिनाभर हाताशी ठेवा. बाप्तिस्मा दुसऱ्या चर्चमध्ये असेल, तर तुमच्या धर्मगुरूंचं शिफारसपत्रही अनेक ठिकाणी मागतात. तुम्ही मिसाला (चर्चमधल्या उपासनेला) जातच नसाल, तर ते कशाच्या आधारावर लिहून देणार? चर्चबाहेर लग्न झालं असेल तर धर्मगुरूंशी आधीच मोकळेपणाने बोला. ऐन वेळी नाव वगळावं लागलं की दोन्ही घरं दुखावतात.

प्रोटेस्टंट मित्र किंवा नातेवाईक कॅथलिक धर्मपालकासोबत साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. ऑर्थोडॉक्स व्यक्तीला कॅथलिक धर्मपालकाच्या जोडीने धर्मपालकही होता येतं. बाप्तिस्मा न झालेल्या जिवलग मित्राला हे स्थान देता येत नाही. त्याच्यासाठी घरच्या सोहळ्यात मानाची जागा ठेवावी. अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) परंपरेत संख्येचा नियम वेगळा आहे: 1662 च्या प्रार्थनापुस्तकात मुलासाठी दोन धर्मपिते व एक धर्ममाता, तर मुलीसाठी दोन धर्ममाता व एक धर्मपिता सांगितले आहेत.

विधीच्या दिवशी धर्मगुरू तुम्हाला विचारतात, की आईवडिलांना त्यांच्या कर्तव्यात मदत करायला तयार आहात का. उत्तर मोठ्याने, स्पष्ट द्या. आईवडिलांपाठोपाठ तुम्हीही बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करता. मग सैतानाचा त्याग आणि श्रद्धेची कबुली येते. ही प्रश्नोत्तरं आदल्या दिवशी एकदा वाचून ठेवा, कारण तिथे तुम्ही स्वतःच्या श्रद्धेची कबुली देत असता, नुसतं पाठ केलेलं म्हणत नसता. बाळाला समोरून उघडणारा पोशाख घाला. छातीवर तेल लावताना गळाबंद झबल्याशी झटापट होते. पाणी ओतताना बाळाला बहुधा आई किंवा वडील धरतात, काही ठिकाणी धर्ममाता. डोक्याखाली हात घट्ट असावा आणि कपाळ किंचित मागे झुकलेलं, म्हणजे पाणी डोळ्यांत जात नाही. मऊ टॉवेल जवळ ठेवा. बाळाची मेणबत्ती पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवतात. ती नंतर नीट जपून ठेवा. निघण्यापूर्वी नोंदवहीतलं आपलं नाव आणि बाळाची जन्मतारीख तपासा. स्पेलिंगची चूक लग्नाच्या वेळी दाखला काढताना डोकं वर काढते.

पुढे काय करायचं, याबद्दल बहुतेकांना कुणी काहीच सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. बाप्तिस्म्याची तारीख वाढदिवसासारखी लक्षात ठेवा आणि त्या दिवशी ती मेणबत्ती मुलासोबत पुन्हा पेटवा. मुलासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करा. दूर राहणाऱ्यालाही हे जमतं. मूल बोलू लागलं की क्रूसाची खूण आणि ‘आमच्या स्वर्गातील बापा’ शिकवायला हातभार लावा. भेटवस्तू द्यायचीच तर वयाला शोभेलसं बायबल द्या आणि त्यातली एक गोष्ट स्वतः वाचून दाखवा. प्रथम ख्रिस्तप्रसादाला हजर राहा. किशोरवयात मूल देवाबद्दल अवघड प्रश्न विचारतं, कधी चर्चला जायलाच नकार देतं. तेव्हा उपदेश करू नका, आधी ऐकून घ्या. आईवडिलांशी बोलता येत नाही ते ज्याच्याशी बोलता येईल, असा मोठा माणूस त्या वयात लागतो. मात्र मुलासमोर आईवडिलांना खोटं पाडू नका. मतभेद असतील तर ते त्यांच्याशी एकांतात बोला.

दृढीकरणाला शक्यतो बाप्तिस्म्याच्याच धर्मपालकाने उभं राहावं असं चर्च सुचवतं, सक्ती करत नाही. मधल्या काळात नातं तुटलं असेल तर तेव्हा दुसरी पात्र व्यक्ती निवडता येते. बाप्तिस्म्याच्या नोंदीतलं नाव मात्र तेच राहतं. आणि आईवडिलांच्या पश्चात मुलाचा ताबा धर्मपालकाकडे आपोआप येत नाही. तशी इच्छा असेल तर त्यांनी वकिलाच्या सल्ल्याने मृत्युपत्रात पालक म्हणून तुमचं नाव वेगळं लिहावं.