मुलांना लिहितं करायचं तर लाल पेन शेवटी उघडा

तोंडी गोष्ट सांगताना मूल थांबायचं नाव घेत नाही. राक्षसाचे दात, त्याची आजी, त्याला कशाची ॲलर्जी आहे, सगळं येतं. तेच मूल वहीपुढं बसलं की तीन ओळींत उरकतं. कल्पना संपलेल्या नसतात. लिहिताना त्याला दोन कामं एकदम करावी लागतात: पुढं काय घडतं ते ठरवायचं आणि त्याच वेळी अक्षराचं वळण, काना-मात्रा, जोडाक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळायचं. लहान वयात हात सरावलेला नसतो. सगळं लक्ष अक्षरं काढण्यात जातं आणि वाक्य पुरं होईपर्यंत पुढची गंमत डोक्यातून निसटलेली असते. ही दोन कामं सुटी केली की अर्धी लढाई तिथंच जिंकता येते.

साधारण ६ वर्षांपर्यंत लिहिण्याचं काम मोठ्यांनी करावं. मूल सांगेल, तुम्ही लिहाल, आणि तेही त्याच्याच शब्दांत. ‘हत्तीनं लई मोठी शिंक दिली’ असं ते म्हणालं तर वहीतही शिंक ‘दिली’च राहू द्या. लिहून झालं की ओळीखाली बोट फिरवत वाचून दाखवा. आपण बोललो ते कागदावर टिकतं आणि पुन्हा वाचता येतं, हे कळणं या वयात पुरेसं आहे. ६ ते ८ या वयात आधी चित्र, मग त्याखाली एक-दोन वाक्यं. शब्द कानाला ऐकू येतील तसे लिहू द्या. ‘श की ष?’ असं त्यानं विचारलं तर लगेच सांगा, नाही विचारलं तर गप्प राहा. पुढच्या वयात मूल स्वतः लिहितं, पण लेखणी उचलण्याआधी ५ मिनिटं गप्पा हव्याच. बहुतेक घरांत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

सामान फार लागत नाही. पहिल्या काही महिन्यांसाठी आखीव वहीपेक्षा कोरी वही बरी, कारण ओळीत बसवण्याची धडपड वाचते आणि चित्राला जागा राहते. शिसपेन्सिल मऊ घ्या. खोडरबर मात्र हाताशी ठेवू नका. काही मुलं एकच शब्द चार वेळा खोडतात आणि वेळ त्यातच जातो. चुकलं तर एक रेघ मारून पुढं जायचं, असा नियम करा. वेळ ठरलेली हवी: आठवड्यातून ३ दिवस, १० मिनिटं, घड्याळ लावून. १० मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. अर्धं राहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी पुढं न्यायला सोपं जातं. कोऱ्या पानावरून सुरुवात करणं अवघड असतं.

विषय देताना मोठी माणसं हमखास घसरतात. ‘पावसाळा या विषयावर लिही’ म्हटलं की मुलाला पाठ केलेला निबंध आठवतो. विषय जितका अरुंद आणि विचित्र, तितकं लिहिणं सोपं. ‘छत्रीला पावसाचा कंटाळा आलाय, तिनं मालकाला लिहिलेली राजीनाम्याची चिठ्ठी’ असा विषय द्या. कोण बोलतंय, कोणाशी आणि का, हे त्यात आधीच ठरलेलं आहे. दुसरी हुकमी युक्ती दोन चिठ्ठ्यांची. एका डब्यात वस्तूंची नावं, दुसऱ्यात जागांची किंवा प्राण्यांची, प्रत्येकी वीसेक चिठ्ठ्या. दोन्हींतून एकेक उचलायची. ‘मोजे’ आणि ‘मगर’ एकत्र आले की प्रश्न आपोआप पडतात: मगरीला मोजे कोणी दिले? किती लागले? एक हरवला तर? ‘आई’ आणि ‘घर’ अशी आधीच जवळची जोडी निघाली तर परत टाका, त्यातून काही हलत नाही.

आता मुलाच्या मजकुराचं काय करायचं ते पाहू. असा मजकूर सर्रास येतो: ‘एक कुत्रा होता. मग तो जंगलात गेला. मग त्याला वाघ दिसला. मग तो पळाला. मग घरी आला.’ यात व्याकरणाची चूक नाही, पण गोष्टही नाही, कारण ‘मग’ घटना नुसत्या रांगेत उभ्या करतो. मुलाला सांगा, दोन ‘मग’ काढायचे आणि त्यांच्या जागी एकदा ‘पण’, एकदा ‘म्हणून’ घालायचं. ‘कुत्र्याला घरी जायचं होतं, पण वाटेत वाघ झोपला होता, म्हणून त्यानं वाघाच्या शेपटीवरून उडी मारायचं ठरवलं.’ ‘पण’ आला की अडचण येते, ‘म्हणून’ आला की पात्राला काहीतरी करावं लागतं. आठ वर्षांच्या मुलालाही हे एका बैठकीत जमतं आणि ‘गोष्ट रंजक कर’ या सल्ल्यापेक्षा ते कितीतरी उपयोगी आहे. तसंच ‘त्याला खूप भीती वाटली’ हे वाक्य दिसलं तर विचारा, ‘भीती वाटल्यावर त्याचे पाय काय करत होते?’

तुमची पहिली प्रतिक्रिया सगळ्यात महत्त्वाची. वही हातात आली की आधी वाचक म्हणून बोला: कुठं हसू आलं, कुठं पुढं काय होईल असं वाटलं, ते बोट ठेवून दाखवा. ‘छान लिहिलंस’ यातून मुलाला काहीच कळत नाही. मग दोनच प्रश्न, ज्यांची उत्तरं तुम्हाला खरंच माहीत नाहीत असे. बस. शुद्धलेखन त्या दिवशी काढायचंच नाही. जो मजकूर भिंतीवर लागणार आहे किंवा कोणाला द्यायचा आहे, तेवढाच नंतर सुधारायचा, तोही एका वेळी एकाच प्रकारची चूक धरून. आज फक्त वेलांट्या, पूर्णविराम पुढच्या खेपेला. सगळं पान लाल केलं तर पुढच्या वेळी मूल येत असलेलेच शब्द वापरतं आणि ‘प्रचंड’ऐवजी ‘मोठा’ लिहून मोकळं होतं.

पानामागं चॉकलेट किंवा पैसे कबूल करू नका. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी ज्यांना आधीच बक्षीस कबूल केलं होतं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळेत चित्रांकडं कमी वळली. लिहिण्याचंही तसंच होण्याची शक्यता बरीच आहे. बक्षिसापेक्षा पुस्तक बनवण्याची गंमत जास्त टिकते.

त्यासाठी ए-४ कागद आडवा धरा. लांब कडा जुळवून एक घडी घाला, उघडा. मग आखूड कडा जुळवून घडी, आणि त्याच दिशेनं आणखी एक. उघडल्यावर ८ चौकोन दिसतील. आता आखूड कडा जुळवून कागद पुन्हा दुमडा आणि दुमडलेल्या बाजूकडून मधल्या आडव्या घडीवर, एका चौकोनाइतकंच कापा. उघड्या बाजूनं कापलं तर कागद वाया जातो. हमखास होणारी चूक हीच. कागद उलगडून लांबीत दुमडा, दोन्ही टोकं मध्याकडं ढकला, चीर उघडून अधिक चिन्हासारखा आकार होईल, तो एका बाजूला वळवून दाबा. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि आत ६ पानं तयार. लिहायचं घड्या घालून झाल्यावरच, नाहीतर निम्मी पानं उलटी येतात. ६ पानांचा आराखडा असा देता येतो: कोण, त्याला काय हवं, काय आड आलं, पहिला प्रयत्न फसला, दुसरा प्रयत्न, शेवट. पानावर दोन वाक्यांपेक्षा जास्त जागाच नसते, त्यामुळं मोठ्या पानाला बिचकणारं मूलही हे पुरं करतं.

काही अडचणी ठरलेल्या आहेत. ‘सुचत नाही’ म्हणणाऱ्या मुलाबरोबर आळीपाळीनं लिहा, एक वाक्य तुमचं, एक त्याचं. तुमचं वाक्य मुद्दाम पात्राला संकटात टाकणारं असावं. कार्टूनमधली गोष्ट उतरवून काढत असेल तर रागावू नका, फक्त एक गोष्ट बदलायला सांगा: जागा, किंवा नायकाची सगळ्यात मोठी शक्ती काढून घेणं. शेवटी सगळे मरतात किंवा ‘तो स्वप्नातून जागा झाला’, हे कंटाळ्याचं लक्षण. त्या मुलाला आधी शेवट ठरवून मग सुरुवात लिहू द्या. आणि तोंडी भरभरून बोलणारं मूल सराव करूनही लिहिताना सतत दमत असेल, हात दुखतो म्हणत असेल, अक्षरं उलटसुलट होत असतील, तर आळस म्हणून सोडून देऊ नका. डोळे तपासा, शिक्षकांशी बोला, लेखन-अक्षमतेची चाचणी करता येईल का ते विचारा. तोवर फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून गोष्टी चालू ठेवा.

प्रत्येक पानावर तारीख टाका आणि मुलाची वही त्याला विचारल्याशिवाय पाहुण्यांना दाखवू नका, कुटुंबाच्या ग्रुपवर फोटोही टाकू नका. ‘हे पान कोणी वाचायचं नाही’ असं त्यानं सांगितलं असेल तर ते पान दुमडून स्टेपल करायची मुभा द्या.