मुंबईच्या थंडीत नुसता पारा बघू नका, वाराही बघा : या चुका टाळा

डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात सांताक्रूझला दुपारचा पारा ३७ अंशांच्या वर गेला होता. पुढच्या काही दिवसांतच तिथली पहाट १४ अंशांच्या खाली उतरली. त्याआधी २०१७ च्या डिसेंबरात ओखी चक्रीवादळाने मुंबईत पाऊस आणला होता. २०२१ मध्ये तर १ डिसेंबरला अवकाळी पाऊस असा बसला, की कुलाबा आणि सांताक्रूझ दोन्हीकडे चोवीस तासांत ९० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडलं. ‘दिवाळी झाली, आता दोन महिने गुलाबी थंडी’ हे गणित मुंबईत बसत नाही. तरी घराघरांत तयारी त्याच गणितावर होते, आणि मग जानेवारीत भिंतीला पोपडे, कपाटात कुबट वास आणि लहान मुलांना खोकला.

बहुतेक वेळा यामागे एकच गोष्ट असते. आपण किमान तापमान वाचतो आणि वारा कुठून येतोय ते बघत नाही. मुंबईचा हिवाळा वाऱ्याच्या दिशेवर चालतो. उत्तरेकडून किंवा पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून वारा आला की हवा कोरडी होते, पहाट गार आणि दुपार तापलेली. पश्चिमेचा वारा समुद्रावरून दमटपणा आणतो, पण दुपारच्या उन्हाला तोच आवर घालतो. हा खारा वारा उशिरा सुटला, तर डिसेंबरातही घामाघूम व्हायला होतं. मोबाइलवरच्या कोणत्याही हवामानाच्या ॲपमध्ये वाऱ्याची दिशा दाखवतात. सकाळी ती एकदा बघायची सवय लावा.

आर्द्रतेचा टक्का नीट न वाचणं

सकाळी सात वाजता ॲप ८० टक्के आर्द्रता दाखवतं आणि दुपारी तीनला ३५ टक्के. मध्ये हवेतलं पाणी कुठे जात नाही, हवा फक्त तापते. २० अंशांची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास बाष्प धरते, ३० अंशांची जवळपास ३० ग्रॅम. त्यामुळे तेवढंच बाष्प सकाळी ‘खूप’ दिसतं आणि दुपारी ‘कमी’.

याचा उपयोग असा : ओठ फुटले, त्वचा ओढल्यासारखी झाली म्हणून अनेक जण थेट ह्युमिडिफायर विकत आणतात आणि रात्रभर बंद खोलीत लावून ठेवतात. पण मुंबईत रात्री हवा मुळातच दमट असते. त्यात अजून वाफ सोडली की भिंतीला बुरशी आणि गादीत धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. ज्या मुलासाठी यंत्र आणलं त्यालाच शिंका सुरू. आधी आर्द्रता मोजणारं छोटं मीटर आणा, काहीशे रुपयांत मिळतं. खोलीत ४० ते ६० टक्के असेल तर हवेला हात लावायची गरज नाही. त्वचेला हवं ते त्वचेला द्या : अंघोळीचं पाणी कोमट, साबण कमी आणि अंग ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलिन.

तेलावरून आठवलं. थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठलं की काही जण भेसळ समजून बदलून आणतात. शुद्ध खोबरेल साधारण २४ अंशांखाली घट्ट होतंच. गोठलेली बाटली एवढंच सांगते, की रात्री तुमच्या न्हाणीघरातला पारा त्याखाली उतरला होता.

न्हाणीघराची खिडकी बंद करून गॅस गिझर लावणं

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका. थंडी पडली की पहिलं काय होतं, तर न्हाणीघराच्या खिडकीतल्या काचेच्या पट्ट्या मिटतात. त्या मिटत नसतील तर कोणीतरी पुठ्ठा लावतं. आत गॅस गिझर पेटलेला असतो. छोट्या बंद जागेत ज्योतीला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस सिलिंडरचा जो वास आपण ओळखतो, तो गळणाऱ्या, न जळलेल्या गॅसचा. त्यामुळे ‘वास आला असता तर कळलं असतं’ हा भरवसा इथे कामाचा नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, आणि कडी काढायचंही त्राण उरत नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात, आणि यातला जवळजवळ प्रत्येक मृत्यू टाळता येण्यासारखा असतो.

गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवून घ्या. ते आज शक्य नसेल तर बादली भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच दार लावा. खिडकी उघडीच ठेवा. मुंबईतली नोंदलेली सगळ्यात गार पहाट २२ जानेवारी १९६२ ची, सांताक्रूझला ७.४ अंश. आताच्या सोळा-सतरा अंशांत पाच मिनिटं खिडकी उघडी राहिली म्हणून कोणाला काही होत नाही. ज्योत निळी न दिसता पिवळी दिसत असेल तर गिझर लगेच बंद करून मेकॅनिकला दाखवा.

आतून हाकेला ओ येत नसेल तर दार तोडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही, आकडा चांगला दिसतो आणि माणूस बुडत असतो. दवाखान्यात न्यायचंच. कोळशाची शेगडी खोलीत घेऊन झोपण्यालाही हेच सगळं लागू.

‘ताज्या हवेसाठी’ पहाटे खिडक्या उघडणं

गावाकडची सवय म्हणून पहाटे सगळ्या खिडक्या उघडल्या जातात, आजोबा सहा वाजता शिवाजी पार्कला निघतात. थंडीतल्या मुंबईत याच वेळी हवा सगळ्यात वाईट असू शकते. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते, आणि वर तुलनेने उबदार थर बसतो. वारा पडलेला. गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, कुठे पेटवलेला कचरा, सगळं खालीच अडकतं. सकाळी समोरची इमारत पांढुरकी दिसते ते पुष्कळदा धुकं नसतं, धुरकं असतं. ऊन चढलं, खारा वारा सुटला की ते फाटतं. म्हणून खिडक्या दुपारी उघडा, आणि दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी फिरायला दुपार कलल्यावर जावं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर आपल्या जवळच्या केंद्राचा हवेच्या गुणवत्तेचा आकडा (एक्यूआय) दिसतो. तो २०० च्या पुढे असेल त्या दिवशी पहाटेचं फिरणं सरळ रद्द करा.

आणि एक. पावसाळा संपला, आता बरं वाटतंय म्हणून रोजचा प्रतिबंधक इनहेलर स्वतःच्या मनाने बंद करू नका. दम्याच्या कितीतरी रुग्णांना मुंबईत खरा त्रास नोव्हेंबरनंतर होतो.

ओल्या भिंतीवर दिवाळीचा रंग

चार महिने पाऊस प्यायलेली बाहेरची भिंत ऑक्टोबरात वरून कोरडी दिसते, आतून नसते. तिच्यावर दिवाळीआधी रंग मारला की ओल आत कोंडते आणि जानेवारीपर्यंत पोपडे सुटतात. मग दोष रंगाऱ्याला. भिंतीला हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब दिसले तर थांबा. रंगकामाला जानेवारी ते मार्च हा काळ चांगला, कारण तेव्हा पूर्वेचा कोरडा वारा फुकट मदतीला असतो. कपाटं आणि पलंगही बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब सरकवा.

दिवाणातल्या गोधड्या, स्वेटर काढल्या काढल्या अंगावर घेऊ नका. दोन-तीन दुपारी उन्हात घाला आणि संध्याकाळ व्हायच्या आत उचला, कारण रात्री दव पडलं की वाळवलेलं सगळं वाया. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या तर नकोतच. त्यातल्या नॅफ्थलीनने काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. जी-६-पी-डी या विकराची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांना हा धोका मोठा, आणि ती आहे हे घरात बहुधा माहीतच नसतं.

वाळवणाला फक्त ऊन पुरतं असं समजणं

वेसावा, मढ, गोराईच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घालतात ते बघा. जबडे एकमेकांत अडकवून जोडीजोडीने टांगलेले, वारा दोन्ही बाजूंनी फिरेल असे. कोळणींना पक्कं ठाऊक असतं, की ऊन असून वारा कोरडा नसेल तर मासळी नीट सुकत नाही. आपल्या गच्चीतले पापड, सांडगे, मिरच्या यांनाही हेच लागू. दोन दिवस पश्चिमेचा वारा आणि आकाशात मळभ दिसलं तर वाळवण घालूच नका. नुसत्या उन्हाच्या भरवशावर घातलेला माल वरून कडक आणि आत ओला राहतो, डब्यात गेल्यावर त्याला बुरशी धरते. अवकाळीचा इशारा असेल तर अर्धवट वाळलेलं ताडपत्रीखाली दडपू नका, घरात पंख्याखाली पसरा.

बाहेरगावी जाताना मुंबईचा अंदाज नेणं

बदलापूर, कर्जतची पहाट कुलाब्यापेक्षा काही अंश गार असते. निफाडला पारा एक आकडी होतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवाचे हिमकण होतात. तिथे दुपार मात्र उबदार. म्हणून एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा सुती बनियन, पातळ स्वेटर आणि वर वारा अडवणारं काहीतरी असे थर बरे, काढत-घालत जाता येतं.

दिल्लीला जाणाऱ्यांची फसगत वेगळी. तिथे जानेवारीत दाट धुकं, ॲपवर आर्द्रता १०० टक्के, म्हणून त्वचेचं क्रीम घरीच राहतं. पण ८ अंशांच्या त्या हवेत घनमीटरला जेमतेम ८ ग्रॅम बाष्प असतं, तर मुंबईच्या १८ अंशांच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या सकाळी १२ ग्रॅम. तीच दिल्लीची हवा हीटरने २४ अंशांवर नेली की आर्द्रता ४० टक्क्यांच्याही खाली येते. नाकाचा घोळणा फुटतो, ओठ उलतात. तिथे खोलीत पाण्याचं भांडं ठेवून हवा दमट करणं योग्यच, जे मुंबईत नको म्हटलं.

उलटा प्रवास जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला दिसतो. पुणे, नाशिक, दिल्लीच्या कोरड्या गारव्यात सराव केलेले धावपटू इथे येतात आणि पहाटेचे १८-१९ अंश बघून नेहमीचा वेग धरतात. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही, आणि ऊन चढल्यावर पेडर रोडचा चढ अंगावर येतो. अशांनी पहिले काही किलोमीटर मुद्दाम हळू घ्यावेत आणि तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी, मीठ-साखर घेत राहावं. पूर्वेचा वारा असलेल्या दिवशी याच्या उलट होतं : घाम दिसतच नाही, लगेच उडतो, आणि पाणी कमी पडतंय हे कळत नाही. धावणाऱ्यांइतकंच हे उन्हात उभ्या असलेल्या ट्रॅफिक पोलिसाला आणि घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या पोरांनाही लागू आहे. त्यांच्यासाठी दाराशी पाण्याची बाटली डिसेंबरातही ठेवा.