डाग दाखवायला निघण्याआधी

सिव्हिलला स्किनची ओपीडी गाठायची म्हणजे पहाटेची एसटी, केसपेपरची रांग आणि डॉक्टरांसमोर जेमतेम पाच मिनिटं. म्हणून तयारी घरीच करावी.

आदल्या दिवशी ओट्यावर, दिवसाच्या उजेडात सगळं अंग बघा. पाठ घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखं चुकवू नका. आपल्यासारख्या सावळ्या माणसांत मेलानोमा हा कातडीचा कॅन्सर क्वचितच होतो, पण झाला तर बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली. आमच्या नानांनी तळपायावरचा काळा ठिपका दोन वर्षं केळीचा चीक म्हणून सोडून दिला. "काही व्हत नही रे!" चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, अंगावरून मात्र हळूहळू जातो, हे केळीच्या बागेत जन्म गेलेल्या माणसाला कोण सांगणार? शेवटी साधा तीळच निघाला, पण रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला जेवण गोड लागलं नाही.

वर्षानुवर्षं तसाच असलेला तीळ, मानेवरचे मऊ लोंबते मस यांची घाई नसते. फक्त घोड्याच्या केसानं बांधणं आणि बिब्बा लावणं नको; बिब्ब्यानं कातडी भाजते आणि मूळ डाग काय होता तेच कळत नाही. वाढणारा, वेड्यावाकड्या कडांचा, दोन-तीन रंगांचा, 6 मिलिमीटरहून रुंद किंवा रक्त येणारा तीळ मात्र लवकर दाखवा. शेजारी नाणं ठेवून फोटो काढून ठेवा, वाढ लगेच कळते.

फिकट किंवा लालसर चट्टा असेल तर डोळे मिटून त्यावर कापसाच्या वातीचं टोक फिरवून घ्या. मे महिन्यात सगळं अंग निथळतंय आणि तेवढाच भाग कोरडा, किंवा वातीचा स्पर्श कळत नाही, तर ओपीडीची वाट न बघता गावच्या आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोग असला तर औषध फुकट मिळतं, प्रकारानुसार 6 किंवा 12 महिने घ्यावं लागतं.

मान, काखा मखमलीसारख्या काळ्या पडल्या असतील तर साखरेचा रिपोर्ट पिशवीत टाका. त्या दिवशी तेल, पावडर नको. मेंदी तर आधीपासूनच नको. आणि गजकर्णाला मेडिकलवरून आणलेली ट्यूब लाजून घरी ठेवू नका. बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, खाज थांबते आणि आतून बुरशी पसरत राहते. पिळून चपटी झालेली असली तरी तीच सोबत न्या.