इंजिन ओढत नाही? आधी सेफ्टी व्हॉल्व्हवरचा हात काढा

छोट्या वाफेच्या इंजिनावर जुन्या जत्रेतलं घोड्यांचं मेरी-गो-राउंड फिरवणारे हौशी लोक हल्ली वाढलेत, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण मॉडेल अडलं की जवळपास प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : "इंजिनात दम नाही, प्रेशर वाढवू का?"

नाही. अजिबात वाढवू नका.

विलेस्को या जर्मन कंपनीच्या बहुतेक खेळण्यातल्या इंजिनांचा सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की जादा वाफ बाहेर सोडणारी झडप, साधारण १.५ बार दाबाला उघडतो. त्या दाबाला आतलं पाणी सुमारे १२७ अंश सेल्सिअसवर उकळत असतं. छोट्या बॉयलरचे (वाफ बनवणाऱ्या टाकीचे) सांधे बरेचदा शिसं-कथलाच्या सोल्डरचे असतात आणि तो १८३ अंशांपासून वितळायला लागतो. म्हणजे हाताशी जेमतेम पन्नास-पंचावन्न अंश आहेत, आणि तेही आत पाणी आहे तोवरच. व्हॉल्व्हची स्प्रिंग आवळणारा माणूस ही थोडकी जागाही खाऊन टाकतो. मी तर असं छेडलेलं बॉयलर समोर पेटवूच देत नाही, मग कुणाला राग आला तरी चालेल.

एका नवशिक्याचं मॉडेल असंच माझ्याकडे आलं. घोडे सुरेख रंगवलेले, छतावर बारीक नक्षी, पण फिरता फिरत नव्हतं. व्हॉल्व्ह आधीच आवळून झाला होता. तो बदलला, विस्तव विझलेलाच ठेवला, इंजिनाशी जोडणारा ड्राइव्ह सोडवला आणि घोड्यांचा फिरता फलाट बोटाने ढकलला. फलाट अर्धा फेरा फिरला, अडला, मग एकदम सुटला. वर पाहिलं तर घोडे उचलणाऱ्या सगळ्या क्रँक (वाकडे दांडे) एकाच कोनात बसवलेल्या. म्हणजे सगळे घोडे एकदम वर चढायचे आणि एकदम खाली यायचे. वर नेताना इंजिनाचा जीव जायचा, खाली येताना फलाट हिसका मारायचा. क्रँक वेगवेगळ्या कोनांत लावल्या की काही घोडे उतरताना बाकीच्यांना वर उचलतात आणि भार जवळपास सारखा राहतो. तेवढं केल्यावर फलाट एका बोटाने सलग फिरायला लागला. प्रेशरचा प्रश्न मुळात नव्हताच.

पण गोष्ट इथे संपली नाही. वेग कमी करायला त्याने वर्म गिअर (स्क्रूसारखा वर्म आणि त्यात अडकणारं दातेरी चाक) लावला होता, एकाच टप्प्यात शंभरास एक. मी म्हटलं, हा काढा. त्याला घाई होती, तसंच चालवलं. छान फिरलं. मग त्याने वाफेचा कॉक झटकन बंद केला. इंजिन जागीच थांबलं, वर्म थांबला, पण जड फलाटाला तसं थांबता येत नाही. वर्म चाकाला फिरवतो, चाक वर्मला उलटं फिरवू शकत नाही, त्यामुळे सगळा जोर दातांवर आला. कर्रकन आवाज झाला आणि पितळेचे दात साफ गेले.

माझी सवय पट्ट्यांची आहे. इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असेल आणि फलाट ६ फेऱ्यांवर आणायचा असेल, तर पाचास एक, पुन्हा पाचास एक आणि शेवटी चारास एक अशा तीन जोड्या पुलींच्या. जागा जास्त लागते, पण अडलं तर पट्टा घसरतो, काही मोडत नाही. आणि कॉक नेहमी हळूहळू बंद करायचा.

पट्ट्याचा आणखी एक फायदा. इंग्लंडमधले हे घोडे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. मॉडेल उलटं फिरत असेल तर पट्टा एकदा आठच्या आकड्यासारखा ओलांडून घाला, झालं.

मेरी-गो-राउंडबरोबर संगीत वाजवणारा ऑर्गनही त्याच इंजिनावर लादू नका. किंग्ज लिनच्या फ्रेडरिक सॅव्हेज यांच्यासारख्यांनी बांधलेल्या खऱ्या मेरी-गो-राउंडमध्ये मधोमध मोठं इंजिन असे आणि ऑर्गनला वेगळं छोटं इंजिन. फलाट दर खेपेला थांबतो, सुटतो. संगीताची लय त्याच्याबरोबर बदलून कशी चालेल?

बाकीच्या चुका थोडक्यात.

बॉयलर कोरडं पडू देऊ नका. मी इंधनच पाण्यापेक्षा आधी संपेल इतकं घालतो. कोरडं पडलंच तर विस्तव काढा आणि पूर्ण थंड होऊ द्या. तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणी कधीही नाही.

काठोकाठही भरू नका, वाफेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये जातं. पाणी डिस्टिल्ड किंवा पावसाचं वापरा, नाहीतर आत क्षार धरतात.

सिलिंडरला स्टीम ऑइलच लागतं. शिलाई मशीनचं पातळ तेल वाफेत धुऊन जातं.

सुरुवातीला फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवून साचलेलं पाणी बाहेर काढा. पाणी दबत नाही. गार सिलिंडरवर कॉक सताड उघडणारे लोक मग वाकलेला दांडा दाखवायला आणतात.

जुनं बॉयलर विकत घेतलं तर आधी पाण्याच्या दाबाने तपासणी. नव्याला कामाच्या दाबाच्या दुप्पट, नंतरच्या तपासण्यांना दीडपट, अशी रूढ पद्धत आहे. कॉम्प्रेसरची हवा वापरून ही तपासणी करायची नाही. पाणी भरलेलं असताना सांधा सुटला तर पाणी गळतं, हवा भरलेली असेल तर तुकडे उडतात.

आणि चालवून झाल्यावर दाब पूर्ण शून्यावर आला की भरायचा प्लग सैल करा. तसंच बंद ठेवलं तर बॉयलर गार होताना आत निर्वात पोकळी तयार होते आणि ल्युब्रिकेटरमधलं (सिलिंडरला तेल देणाऱ्या डबीतलं) तेल मागे ओढलं जातं. पुढच्या वेळी तेलाने पाण्याला फेस येतो, चिमणीतून पाणी उडायला लागतं आणि मग पुन्हा विचारणा होते, इंजिनात दम का नाही म्हणून. तसं झालंच असेल तर थंड बॉयलर कोमट पाण्याने दोन-तीनदा खळखळून धुवा आणि निघणाऱ्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसेनासा होईपर्यंत पेटवू नका.