जुन्या फायरप्लेससमोरच्या टाइल कशा वाचवाव्यात

ब्रिटनमध्ये व्हिक्टोरियन किंवा एडवर्डियन काळातलं घर घेतलं, की बैठकीच्या खोलीतला कार्पेट उचलल्यावर फायरप्लेससमोर टाइलचा एक पट्टा हमखास निघतो. हाच हार्थ. उडालेला निखारा लाकडी जमिनीवर न पडता इथे पडावा, म्हणून तो केलेला असतो. कुणी त्यावर रंग फासलेला असतो, कुणी सिमेंट ओतलेलं असतं. कारागीर एक नजर टाकून म्हणतो, "उखडून टाकू, नवीन बसवू." त्याला थांबवा. शंभराहून अधिक वर्षं विस्तव सोसलेल्या या टाइल बहुतेक वेळा जागच्या जागी वाचवता येतात.

हात लावण्याआधी

घर लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत संरक्षित असेल तर आधी कौन्सिलला (स्थानिक पालिकेला) विचारा. फायरप्लेसचं तोंड जुन्या बोर्डाने बंद केलेलं असेल तर ते फोडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, कारण ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. तपासणी करून घ्या. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, त्यामुळे कोरडा पॉलिश पेपर मारू नका.

वाजवा, फोटो काढा, नंबर द्या

प्रत्येक टाइल बोटाच्या पेराने वाजवून बघा. घट्ट बसलेली खणखणीत वाजते, सुटलेली बद्द. बद्द वाजणाऱ्या टाइलवर कागदी चिकटपट्टीने नंबर टाका, कागदावर नकाशा काढा, वरून सरळ फोटो घ्या. नक्षी सोपी दिसली तरी हे टाळू नका. टाइल एकदा हलल्या की कोणती कुठली होती ते कुणालाच सांगता येत नाही.

सफाई: सौम्य उपायापासून सुरुवात

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आधी कोमट पाणी, सौम्य साबण आणि नायलॉनचा ब्रश. पाणी ओतायचं नाही. ओलं फडकं, ब्रश, आणि लगेच कोरडं फडकं. रंगाचे थर असतील तर लेप लावून रंग सोडवणारं पेंट रिमूव्हर आणा. आधी कोपऱ्यातल्या एकाच टाइलवर लावून बघा आणि सुटलेला रंग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढा. तारेच्या ब्रशने झिलईवर ओरखडे पडतात आणि ते कायमचे राहतात. सिमेंट काढायला अ‍ॅसिड तर मुळीच नको: ते झिलई खातं आणि खालचा चुन्याचा मसालाही. सिमेंटचा थर छोट्या छिन्नीने, ती आडवी धरून, कडेकडेने सोडवा. पांढरा लोणा आला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर विरघळून पुन्हा आत मुरतो.

झिलईतल्या केसासारख्या बारीक भेगा तशाच राहू द्या. त्या टाइलचं वय सांगतात.

सुटलेल्या टाइल

ज्या घट्ट आहेत त्यांना हात लावू नका. सुटलेली टाइल फुटलेल्या शेजारणीच्या बाजूने हलकेच उचला आणि उलटी करून बघा. मागे मिंटन किंवा मॉ अशा कारखान्याचं नाव असू शकतं. (मिंटनच्या टाइल भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जमिनीतही आहेत.) कधी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा एक शिक्का दिसतो, वरच्या टोकाला रोमन चार. ही १८४२ ते १८८३ मधल्या नोंदणीकृत नक्षीची खूण. पाठीचा जुना चुना भिजवून खरवडून काढा, खूण मात्र जपा.

खालचा पाया फुटला किंवा खचला असेल तर टाइलआधी त्याचं काम. तो नव्याने करायचा झाला तर इंग्लंडच्या बांधकाम नियमांनुसार उघड्या आगीसाठी किमान १२५ मिमी जाड हवा, आणि समोर ५०० व बाजूंना १५० मिमी पुढे आलेला हवा. आग पेटवणार असाल तर टाइल उष्णता सोसणाऱ्या, लवचिक चिकट मसाल्यात बसवा. फायरप्लेस नुसती शोभेची असेल तर चुन्याचा मसाला उत्तम. फुटकी टाइल जोडायला संग्रहालयांत वापरतात तो पॅरालॉइड बी-७२ नावाचा चिकट पदार्थ सुमारे ४० अंशांवर मऊ पडू लागतो. पेटत्या शेगडीजवळ तो नको.

एखादी टाइल नव्याने घ्यावी लागली तर माप नीट बघा. जुनी ६ इंचाची टाइल म्हणजे १५२ मिमी. आजची १५० मिमीची तिच्या जागी सैल बसते आणि ओळ बिघडते. जाडीही मोजा. त्यामुळे जुन्या सामानाच्या बाजारात शोधणं किंवा श्रॉपशरमधल्या जॅकफील्डला अजूनही बनतात तशा टाइल मागवणं बरं.

सांधे आणि पहिला जाळ

जुने सांधे अगदी बारीक असतात. पांढरंशुभ्र ग्राउट (सांधे भरायचा मसाला) भरलं तर सगळी नक्षी जाळीसारखी दिसू लागते. राखाडीच घ्या, पेटती आग असेल तर उष्णता सोसणारं. झिलई असलेल्या टाइलवर सीलर (डाग-पाणी मुरू न देणारा लेप) नको. बिनझिलईच्या टाइलवर लावायचाच तर ओल बाहेर जाऊ देणारा लावा.

मसाला पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, आग नाही. तेवढ्यात चिमणी साफ करून तपासून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. धूर-नियंत्रण क्षेत्रात, म्हणजे जिथे धुरावर कायद्याची बंधनं आहेत तिथे, उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड चालत नाही, मान्यताप्राप्त निर्धूर इंधनच लागतं. पहिल्या काही वेळा जाळ लहान ठेवा, प्रत्येक वेळी सगळं थंड झाल्यावर टाइल पुन्हा वाजवून बघा, आणि एखादी बद्द बोलली तर पुढचा जाळ ती बसवल्यावरच.