परिसरातली भटकी मांजरं: संख्या आटोक्यात कशी आणाल?

मांजरं वाढली की ती पकडून लांब सोडून यायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. खाणं आणि आडोसा तसाच राहिला, तर रिकाम्या जागेत दुसरी मांजरं येतात. आणि सोडलेलं मांजर अनोळखी ठिकाणी उपाशी राहतं किंवा परतीच्या वाटेवर गाडीखाली सापडतं. मांजरांचे हाल न करता टिकणारा मार्ग म्हणजे पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं.

आधी मोजणी

खाण्याच्या वेळी जाऊन प्रत्येक मांजराचा फोटो काढा. रंग, खुणा, बोका की भाटी, पोट मोठं दिसतंय का, हे लिहून ठेवा. (काळा, नारिंगी आणि पांढरा असे तिन्ही रंग असतील तर ती जवळपास नेहमी भाटीच असते.) एका कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं, तर नसबंदी बहुधा आधीच झाली आहे.

भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. साधारण नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. म्हणून पैसे किंवा माणसं कमी असतील तर भाट्या आधी घ्या. शिवाय काम रेंगाळू देऊ नका. वर्षभर सुटी सुटी मांजरं नेण्यापेक्षा एका टोळीतली बहुतेक सगळी थोड्या दिवसांत उरकली, तरच फरक दिसतो.

माणसाजवळ येऊन अंग घासणारं मांजर कदाचित हरवलेलं किंवा टाकून दिलेलं असतं. त्याच्या मालकाची चौकशी करा, नाहीतर घर शोधा. दोनेक महिन्यांच्या आतली पिल्लंही माणसाळतात. मोठं झालेलं बुजरं मांजर मात्र घरात कोंडू नका, त्याला तो छळच वाटतो.

खाण्याची वेळ ठरवा

रोज एकाच जागी, एकाच वेळी खायला द्या आणि अर्ध्या तासाने उरलेलं उचला. पाणी कायम असू द्या. दूध नको, बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही. खायला घालणाऱ्यांशी भांडू नका. मांजरांचा विश्वास त्यांच्यावरच असतो, त्यामुळे पकडताना त्यांचीच मदत लागते.

पकडण्याचा दिवस

आधी पशुवैद्याची वेळ घ्या, मग पिंजरा लावा. हा क्रम उलटा झाला तर घाबरलेलं मांजर विनाकारण कोंडून पडतं. आदल्या दिवशी मोठ्या मांजरांचं खाणं बंद ठेवा, पाणी चालू. आपोआप दार पडणारा पिंजरा सपाट जागी ठेवा, तळाला वर्तमानपत्र घाला आणि उग्र वासाचे मासे अगदी मागच्या टोकाला ठेवा. नजर राहील इतकं लांब थांबा, पण लावलेला पिंजरा सोडून जाऊ नका. दार पडताच पूर्ण पिंजरा जाड कापडाने झाका. अंधारात धडपड थांबते.

भाटीच्या सडांना दूध दिसलं तर पिल्लं जवळपास आहेत. ती शोधा, नाहीतर तिला जास्त वेळ अडकवून ठेवू नका.

हाताने पकडायला जाऊ नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच डॉक्टर गाठा.

शस्त्रक्रियेनंतर

विरघळणारे टाके आणि भूल असतानाच कानाची खूण, हे डॉक्टरांना आधीच सांगा. नंतर मांजर पिंजऱ्यातच शांत, उबदार जागी ठेवा. बोक्याला साधारण एक दिवस आणि भाटीला त्याहून थोडं जास्त लागतं, पण सोडायचं कधी हे डॉक्टर सांगतील तसंच. रक्त येत असेल, मांजर खात नसेल किंवा सुस्त वाटलं तर पुन्हा दाखवा. माणसाचं पॅरासिटामॉल कधीच देऊ नका. मांजरासाठी ते विष आहे.

शेजाऱ्यांचं काय?

रात्रीचं ओरडणं, भांडणं आणि भिंतींवर मुतणं नसबंदीनंतर बरंच कमी होतं. बोक्यांच्या बाबतीत काही आठवडे धीर धरावा लागतो, हे तक्रार करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. वाफ्यांत घाण होत असेल तर मातीवर जाळी किंवा खडबडीत दगड पसरा. डांबरगोळ्या टाकू नका, त्या विषारी असतात.

यादी जपून ठेवा. खाण्याच्या वेळी नवं, दोन्ही कान अखंड असलेलं मांजर दिसलं, की त्याच आठवड्यात पिंजरा पुन्हा बाहेर काढा.