कसबा पेठेत सहकुटुंब सायकलवर

पुण्याच्या कसबा पेठेत मुलांना सायकलवर न्यायचं असेल, तर रविवारी उजाडताच निघा. दुकानं उघडली की टेम्पो आणि हातगाड्यांमधून वाट काढणं मुलांना झेपत नाही. पुढे एक मोठं माणूस, मध्ये मुलं, मागे दुसरं. ही रांग मोडू देऊ नका. उभ्या गाड्यांपासून हातभर लांब चालवा, दार कधी उघडेल सांगता येत नाही.

सुरुवात शनिवारवाड्यापासून करा. आत जायची घाई नको. १७३२ सालच्या या वाड्याचा दिल्ली दरवाजाच आधी निवांत दाखवा. त्यावरचे लांब अणकुचीदार खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर ठोकलेत, म्हणजे हत्तीला धडक देता येऊ नये. मुलं इथे हमखास रेंगाळतात, रेंगाळू द्या. पुढे लाल महाल आणि कसबा गणपती जवळच आहेत.

तांबट आळीत मात्र सायकल हातात धरून चाला. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकेक ठोका देत केलेलं मठारकाम बघायचं असेल, तर कामाचा दिवस निवडा. कुलूप लावताना साखळी चाकातून आणि फ्रेममधूनही ओवा. कुणाच्या दारासमोर सायकली लावू नका.